मोटारीच्या टाकीचा श्वास



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण वेदान्त, इतिहास, अर्थकारण आणि साहित्य यांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच रस्त्यावरचा आहे. परंतु तो आपल्यापैकी कोणालाही परका नाही. या मंडपाबाहेर आत्ता शेकडो स्कूटरी, मोटारसायकली आणि मोटारी उभ्या आहेत. त्या दिवसभर उन्हात तापल्या आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीच्या टाकीत पेट्रोल आहे. उद्या सकाळी पंपावर गेल्यावर आपण टाकीचे झाकण फिरवाल तेव्हा बहुधा ‘फुस्स’ असा आवाज येईल. आपण तो रोज ऐकतो आणि रोज विसरतो. मात्र एखाद्या दिवशी तो आवाज नेहमीपेक्षा मोठा येतो, पेट्रोलचे चार थेंब हातावर उडतात, आणि मग मनात शंका येते की, ही टाकी फुटणार तर नाही ना?

ही शंका दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पसरवितोच. ‘उष्मा वाढला आहे, टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होतो’ असा मजकूर एखाद्या तेल कंपनीच्या नावाने मोबाइलवरून घरोघर जातो. इंडियन ऑइल कंपनीने २०२२ साली याचा जाहीर इन्कार केला आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे हिवाळ्यात वा उन्हाळ्यात सारखेच सुरक्षित आहे, असे सांगितले. तरीही पुढच्या चैत्रात तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. नुसते ‘घाबरू नका’ म्हटल्याने भय जात नाही. टाकीत दाब कसा निर्माण होतो, तो बाहेर कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट अडली तर कसे ओळखावे, हे कळले म्हणजे भयही जाते आणि नको तो खर्चही वाचतो.

दाब कोठून येतो?

बंद टाकीतील दाबाला तीन गोष्टी कारणीभूत असतात. पहिली, पेट्रोलच्या वर असलेली हवा. ती तापली की प्रसरण पावू पाहते. दुसरी, खुद्द पेट्रोल. तेही तापल्यावर फुगते. ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर ते सुमारे पाऊण लिटरने वाढते. म्हणूनच टाकीच्या वरच्या भागात उत्पादक मुद्दाम मोकळी जागा राखून ठेवतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेट्रोलची वाफ.

पेट्रोल हा पाण्यासारखा एकच एक पदार्थ नाही. ते अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळते, पेंटेन ३६ अंशांना उकळते, तर जड घटकांना उकळायला २०० अंशांपर्यंत तापवावे लागते. साहजिकच आपल्या उन्हाळ्यात हलके घटक द्रवात राहण्यास फारसे राजी नसतात. ते सतत वर येऊन टाकीतील मोकळ्या जागेत साचतात आणि भिंतींना ढकलतात. या ढकलण्याला बाष्पदाब म्हणतात. आपल्याकडील पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांना साधारण ६० किलोपास्कल इतका ठेवलेला असतो. समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरील शहरात तो ९५च्या आसपास भरतो.

आता एक ढोबळ हिशेब करू. पुण्यात पहाटे २५ अंशांना आपण टाकीचे झाकण असे लावले की हवा मुळीच आतबाहेर होऊ शकणार नाही. त्या वेळी टाकीतील ९५ किलोपास्कलपैकी अंदाजे ३८ वाफेचे आणि ५७ हवेचे. दुपारी टाकी ४५ अंशांपर्यंत तापली. हवेचा वाटा ५७ वरून ६१ वर गेला, म्हणजे चारनेच वाढला. वाफेचा वाटा मात्र ३८ वरून ७५च्या घरात, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला! एकूण दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ४० किलोपास्कलने वाढला. घरातील प्रेशर कुकरची शिटी होते तेव्हा आत साधारण १०० किलोपास्कल जादा दाब असतो. त्याचा हा दोन-पंचमांश झाला. हातभर लांब आणि हातभर रुंद अशा पत्र्यावर हा दाब पडला तर भार सहाशे किलोंच्या वर जातो. कुकर जाड आणि गोल असतो. मोटारीची टाकी पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची, चपटी आणि वेडीवाकडी असते. ती असा भार रोज सोसू शकणार नाही. म्हणून कोणत्याही टाकीला श्वास सोडण्याची आणि घेण्याची सोय ठेवावीच लागते.

घेण्याची सोय कशाला, असे कोणी विचारील. इंजिन पेट्रोल ओढते, टाकीतील पातळी खाली जाते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवा आली नाही तर तेथे पोकळी तयार होते. ताकाच्या डब्याला एकच भोक पाडले तर ताक थबकत थबकत येते. दुसरे भोक पाडले की धार लागते. टाकीचेही तेच आहे. रात्री गारवा पडला की वाफ पुन्हा द्रवात मिसळते, तेव्हाही टाकीला बाहेरची हवा आत घ्यावी लागते. थोडक्यात, उन्हात उच्छ्वास आणि प्रवासात व रात्री श्वास, असा टाकीचा दिनक्रम असतो.

मग स्फोट का होत नाही?

पेट्रोलची वाफ पेट घेण्यासाठी तिच्यात हवा योग्य प्रमाणात मिसळलेली असावी लागते. मिश्रणात वाफ साधारण दीड टक्क्याहून कमी असेल तर ते पेटत नाही, आणि साडेसात टक्क्यांहून अधिक असेल तरीही पेटत नाही. आपल्या हिशेबात पहाटेसुद्धा टाकीतील वाफ ३८ भागिले ९५, म्हणजे ४० टक्के आहे. इतक्या दाट वाफेत ठिणगी पडली तरी ज्वलनाला पुरेसा प्राणवायूच नसतो. शिवाय ठिणगीवाचून केवळ उष्णतेने पेट्रोल पेटायचे तर अडीचशे अंशांच्या पुढे जावे लागते. वैशाखातील ऊन कितीही कडक असले तरी तेथवर पोहोचत नाही.

तेव्हा धोका टाकीच्या पोटात नसून तिच्या तोंडाशी आहे. झाकण उघडताच दाट वाफ बाहेर येते, हवेत मिसळून पातळ होते, आणि झाकणापासून काही अंतरावर नेमके पेटण्याजोगे मिश्रण तयार होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर निघून न जाता जमिनीलगत सरपटत जाते. जुन्या वाड्याच्या बोळात किंवा तळघरातील वाहनतळात कोणी तापलेल्या स्कूटरचे झाकण उघडावे आणि पलीकडे कोणी विडी पेटवावी, हा खरा अपघाताचा मार्ग आहे. उन्हाला दोष देऊन आपण या मार्गाकडे दुर्लक्ष करतो.

छिद्रापासून कोळशाच्या डब्यापर्यंत

जुन्या मोटारसायकलींत श्वासाची सोय अगदी साधी होती. झाकणात एक बारीक छिद्र, एवढेच. वाफ त्यातून जाई, हवा त्यातून येई. छिद्र धुळीने किंवा पॉलिशने बुजले की गाडी चार-सहा किलोमीटर जाऊन गप्प बसे. झाकण उघडले की ‘सुं’ असा आवाज होऊन हवा आत शिरे आणि गाडी पुन्हा चालू लागे. ज्यांनी कार्बुरेटरच्या गाड्या वापरल्या आहेत त्यांना ही गंमत आठवत असेल. त्याच गाडीत टाकी तापून दाब वाढला तर उलटा प्रकार होई: पेट्रोल कार्बुरेटरच्या सुईला न जुमानता पुढे घुसे, प्लग ओला होई आणि किक मारून मारून पाय दुखे.

पुढे झाकणात दोन झडपा आल्या. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक बाहेरच्या बाजूस उघडते. आत पोकळी झाली की दुसरी आतल्या बाजूस उघडते. यामुळे पेट्रोल सांडणे कमी झाले, परंतु वाफ हवेत जातच राहिली. ही वाफ फुकट जाते एवढेच तिचे नुकसान नाही. १९५०च्या सुमारास अमेरिकेतील लॉस अँजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारे धुके साचू लागले होते. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पेट्रोलची न जळलेली वाफ आणि धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुके बनते. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७०च्या मोटारींपासून टाकीतील वाफ अडविणे सक्तीचे झाले. आपल्या देशात २०१७च्या एप्रिलपासून भारत स्टेज ४ मानके सर्वत्र लागू झाली, त्यांनी दुचाकींच्याही टाकीतील वाफेवर मर्यादा घातली, आणि २०२०च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६ आले.

ही वाफ अडविते कोण? आपल्या चुलीतल्या कोळशाचाच एक सुधारलेला भाऊ. विशेष प्रक्रियेने सच्छिद्र केलेला कोळसा एका डब्यात भरलेला असतो. कारखान्यातले लोक त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतून निघालेली नळी या डब्यात येते. गाडी उन्हात उभी असते तेव्हा वाफ डब्यात शिरते, कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटून राहते, आणि केवळ हवा पलीकडच्या तोंडाने बाहेर पडते. इंजिन चालू झाले की पर्ज व्हॉल्व्ह नावाची विजेवर चालणारी झडप अधूनमधून उघडते. इंजिनाच्या ओढीने त्या पलीकडच्या तोंडातून ताजी हवा आत येते, कोळशात अडकलेली वाफ सोडविते आणि तिला इंजिनात नेऊन जाळते. काल उन्हाने घेतलेले पेट्रोल आज आपल्याच उपयोगी पडते. टाकीला लागणारी बाहेरची हवाही बहुतेक गाड्यांत याच वाटेने येते.

ही रचना लक्षात ठेवा: टाकी, नळी, डबा, डब्याचे बाहेरचे तोंड, आणि डब्यापासून इंजिनाकडे जाणारी पर्ज झडप. झाकणातील झडपा आता केवळ राखीव रक्षक आहेत. पुढचे सारे निदान या मार्गावर कोठे अडथळा आहे एवढेच शोधण्याचे आहे.

एक स्वानुभव

काही वर्षांपूर्वी माझी मोटार दोन-अडीच महिने घरामागच्या पडवीत उभी होती. पुन्हा वापरू लागलो तेव्हा झाकण उघडताना मोठा फुत्कार येऊ लागला. एकदा पंपावरच्या मुलाच्या मनगटावर पेट्रोल उडाले. मी गाडी एका मोठ्या कारखान्यात दाखविली. त्यांनी झाकण बदलले. आठवड्याने पुन्हा तेच. मग त्यांनी दुसरे झाकण बसविले, आणि तरीही गुण येईना तेव्हा तेथील एका फिटरने सांगितले, ‘साहेब, झाकणाला बारीक भोक पाडून देतो. कटकट मिटेल.’ आणि कटकट मिटलीही! फुत्कार बंद झाला. परंतु पुढच्या रविवारी मुले-नातवंडे घेऊन निघालो, तर दुपारी गाडीत पेट्रोलचा इतका वास की धाकटी नात ओकू लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी दाब घालविला होता, दोष तसाच ठेवला होता.

शेवटी आमच्या पेठेतल्या एका लहानशा गॅरेजात गेलो. तेथील मुलगा पंचविशीचाही नसेल. त्याने गाडीला हात लावण्यापूर्वी मला विचारले, ‘काका, भोक पाडायच्या आधी झाकण उघडल्यावर हवा बाहेर यायची की आत जायची?’

मी म्हटले, ‘अरे, बाहेरच यायची. पेट्रोल उडायचे ना!’

‘नेहमी? लांबून प्रवास करून आल्यावर सुद्धा?’

मला उत्तर देता येईना. मी आवाज ऐकला होता, दिशा पाहिली नव्हती. त्याने जुने धड झाकण बसविले आणि मला दोन दिवसांनी यायला सांगितले. पहिल्या दिवशी गाडी उन्हात उभी करून झाकणाजवळ पातळ कागदाची पट्टी धरली. झाकण सैल करताच पट्टी बाहेर फडफडली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात साठ किलोमीटर फिरून आलो आणि तसेच केले. पट्टी आत ओढली गेली. हे ऐकताच तो म्हणाला, ‘म्हणजे श्वास आणि उच्छ्वास दोन्ही अडलेत. झाकणाचं काम नाही हे.’ मग गाडी गार असताना त्याने टाकीकडून डब्याकडे येणारी नळी डब्यापाशी सोडविली. ‘फुस्स’ झाले आणि दाब उतरला. अर्थात तेथपर्यंतची वाट मोकळी होती. अडथळा त्यापुढे असला पाहिजे. डब्याच्या बाहेरच्या तोंडाची नळी काढून पाहिली, तर आत कुंभारीण माशीने चिखलाचे सुबक घर बांधले होते! पडवीत उभ्या गाडीत तिला जागा आवडली असावी. नळी साफ केली, खर्च जवळजवळ काही नाही. दोन झाकणांचे पैसे मात्र गेले ते गेले.

निदानाचा क्रम

या अनुभवावरून आणि नंतर केलेल्या वाचनावरून मी प्रश्नांचा एक क्रम बसविला आहे. वैद्य जसा नाडी पाहण्यापूर्वी विचारपूस करतो, तसेच हे आहे.

पहिला प्रश्न: हा रोग तरी आहे का? झाकणातील झडप थोडा दाब मुद्दाम धरून ठेवते. उन्हाळ्यात क्षणभर येणारा हलका आवाज हे निरोगी टाकीचे लक्षण आहे. काही प्लग-इन हायब्रिड मोटारींत तर टाकी बंदच ठेवलेली असते, आणि पेट्रोल भरण्यापूर्वी बटण दाबून दाब उतरवावा लागतो. मात्र आवाज बराच वेळ टिकत असेल, पेट्रोल उडत असेल, उभ्या गाडीभोवती वास येत असेल, टाकीचा पत्रा ‘डबक’ असा वाजत असेल किंवा गाडी चालता चालता अडत असेल, तर पुढे चौकशी करावी. डिझेलची गोष्ट निराळी आहे. त्याची वाफ नगण्य असते, म्हणून डिझेलच्या टाकीतून आवाज आला तर बहुधा तो हवा आत जाण्याचा असतो.

दुसरा प्रश्न: दिशा कोणती? कागदाची पट्टी वापरावी. हवा बाहेर येते ती दाबाने, आत जाते ती पोकळीमुळे. दोहोंचा आवाज कानाला सारखाच वाटतो, आणि पुष्कळ चुकीची दुरुस्ती येथेच सुरू होते.

तिसरा प्रश्न: केव्हा? उन्हात उभी राहिल्यावर दाब आणि प्रवासानंतर पोकळी असे दोन्ही असेल, तर दोहोंना समान असलेली वाट, म्हणजे नळी, डबा किंवा डब्याचे तोंड, अडलेली समजावी. उन्हात गाडी ठीक, परंतु चालविल्यावरच दाब वाढतो असे असेल, तर उष्णता गाडीच्याच पोटातून येत आहे. धुराच्या नळीवरचे उष्णतारोधक पत्र्याचे आवरण गळून पडले आहे का ते पाहावे. ज्या गाड्यांत इंजिनाकडून उरलेले पेट्रोल परत टाकीत येते, तेथे ते तापूनच येते, हेही ध्यानात असावे. उलट, चालविल्यावर फक्त जोराची पोकळी होते आणि पेट्रोल भरल्यानंतर गाडी लवकर सुरू होत नाही, असे असेल तर पर्ज झडप उघडी अडकल्याचा संशय घ्यावा.

चौथा प्रश्न: कोठे? हे काम गॅरेजात, इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत करावे. डब्यापाशी नळी सोडविल्यावर दाब उतरला तर दोष डब्यात किंवा त्यापुढे. उतरला नाही आणि झाकण उघडल्यावर मात्र उतरला, तर दोष टाकी आणि डबा यांच्यामध्ये: नळी कोठे दुमडली असेल, झडप अडकली असेल, किंवा नळीत द्रव पेट्रोलच भरले असेल. पर्ज झडप तपासायची तर ती काढून, विजेची जोडणी नसताना तिच्यातून हवा फुंकावी. हवा आरपार जाता कामा नये. १२ व्होल्ट दिल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन हवा जाऊ लागली पाहिजे. ती बंदच अडकली असेल तर कोळशातील वाफ कधी उपसलीच जात नाही. डबा भरून वाहतो आणि वास सुटतो.

पाचवा प्रश्न: किती? येथे मोठ्या यंत्राची गरज नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि तिचे एक टोक वाफेच्या नळीला जोडावे. दोन बाजूंच्या पाण्यात दहा सेंटिमीटरांचा फरक पडला की दाब एक किलोपास्कल. शाळेतल्या प्रयोगशाळेतील हा दाबमापक. दुरुस्तीपूर्वी आकडा लिहून ठेवावा आणि दुरुस्तीनंतर त्याच वेळी, तेवढ्याच उन्हात, तेवढेच पेट्रोल असताना पुन्हा घ्यावा. आकडा उतरला नसेल तर दोष सापडलेला नाही, मग बिल कितीही मोठे असो.

उंची आणि इथेनॉल

या क्रमात दोन बाहेरच्या कारणांचीही जाणीव ठेवली पाहिजे. उंचावर हवेचा दाब कमी होतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे; तेथे तो ८६ किलोपास्कल भरतो. वाईहून पसरणीचा घाट चढून वर गेलेल्या गाडीची टाकी सकाळच्या मानाने अधिक फुसफुसली तर त्यात नवल नाही. लडाखमधील खार्दुंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे, आणि तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जवळ येतो. तेथे इंजिनाच्या धगीने टाकी ३८ अंशांपर्यंत तापली तर पेट्रोलचा बाष्पदाब बाहेरच्या हवेहून अधिक भरतो, आणि श्वासाची वाट मोकळी असली तरी पेट्रोल टाकीतच उकळू लागते. अशा वेळी गाडी सावलीत थांबवून गार होऊ द्यावी, हाच उपाय.

दुसरे कारण इथेनॉल. २०२२ साली आपल्या देशात पेट्रोलमधील त्याचे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर आले. मौज अशी की, इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते आणि त्याचा स्वतःचा बाष्पदाब पेट्रोलहून पुष्कळ कमी आहे. तरी ते पेट्रोलमध्ये मिसळले की मिश्रणाचा दाब चढतो. ही वाढ १० टक्क्यांच्या आसपास सर्वांत जास्त, सुमारे ७ किलोपास्कल असते आणि पुढे हळूहळू उतरते. शुद्धीकरण कारखान्यात मूळ पेट्रोलचे घटक बदलून तिची भरपाई करता येते. म्हणून आपल्या गाडीचा फुत्कार एकाएकी वाढला तर आधी नळ्या पाहाव्यात. सारा दोष इथेनॉलच्या माथी मारून कुंभारणीचे घर तसेच राहू देऊ नये.

आपल्या हातातील गोष्टी

आता एका सवयीविषयी स्पष्ट बोलतो, कारण ती आपणा सर्वांची आहे. पंपावरच्या नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल त्या छिद्रापर्यंत चढले की आतली यंत्रणा खटका पाडते आणि धार थांबते. टाकी भरल्याची ती सूचना असते. त्यानंतर आपण काय म्हणतो? ‘चारशे त्र्याऐंशी झालेत ना? पाचशे कर!’ सुट्या पैशांची अडचण म्हणून आपण ठोकळ आकड्यासाठी ते पेट्रोल आत दाबवितो. फुगण्यासाठी राखलेली जागा भरून जाते, दुपारी पेट्रोल वर चढते, वाफेच्या नळीत शिरते आणि कोळशाच्या डब्यात उतरते. कोळसा वाफेसाठी केलेला असतो. द्रवात भिजला की तो निकामी होऊ लागतो, वाट जड होते, आणि आपण ज्या दाबाला भितो तो आपल्याच हाताने वाढवितो. अफवेत सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच आहे. भरायची तर खुशाल खटका पडेपर्यंत भरावी. खटका पडल्यावर थांबावे, आणि सतरा रुपये खिशात राहू द्यावे.

झाकणाला भोक पाडू नये. त्यातून वाफ रात्रंदिवस बाहेर पडते, आणि पावसाळ्यात पाणी आत जाते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते, आणि पाणी फार झाले की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. कोकणात चार महिने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे भोक किती महाग पडेल याची कल्पना करावी. झाकण बदलायचेच तर त्याच गाडीचे, झडपा असलेले घ्यावे.

तापलेल्या टाकीचे झाकण एकदम उघडू नये. इंजिन बंद करून, तोंड बाजूला ठेवून, झाकण थोडेसे फिरवून थांबावे. आवाज संपला की मग पूर्ण काढावे. घरात, जिन्याखाली, बंद बोळात किंवा जवळ विस्तव असेल तेथे ते मुळीच उघडू नये. आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवली असेल तर पुन्हा वापरण्यापूर्वी खालच्या नळ्यांची तोंडे एकदा पाहून घ्यावीत.

मंडळी, माझी गाडी दुरुस्त झाली त्या दिवशी मी त्या मुलाला विचारले, ‘तुला हे कोणी शिकविले?’ तो म्हणाला, ‘कोणी नाही, काका. पार्ट बदलायला माझ्याकडे पैसे अडकवून ठेवता येत नाहीत, म्हणून आधी विचारतो.’ मोठ्या कारखान्याजवळ भारी यंत्रे होती, पण हा प्रश्न तेथे कोणाला सुचला नव्हता. मलाही सुचला नव्हता, हे मी कबूल करतो. उद्या पंपावर झाकण उघडाल तेव्हा एक क्षण थांबून आपण तो विचारावा, हवा आत गेली की बाहेर आली? एवढी सवय या व्याख्यानाने लागली तरी माझे काम झाले.